ओसाकात मध्यरात्रीनंतर होरुमोन: कुठे जायचं, काय मागवायचं, कसं भाजायचं

ओसाकातल्या याकिनिकूच्या, म्हणजे टेबलावरच्या शेगडीत मांस भाजून खायच्या दुकानात नवख्या माणसांकडून एक चूक हमखास होते. ताटली समोर आली की चिमट्याने सगळंच्या सगळं जाळीवर टाकलं जातं. जाळी भरते, चरबी गळते, जाळ उठतो, अर्धे तुकडे काजळतात आणि अर्धे आतून कच्चे राहतात. बीफचा पातळ काप एवढं सोसून घेतो. होरुमोन सोसत नाही. होरुमोन म्हणजे गुरांची आतडी, वजडी, कलेजी, दिल असा सगळा आतला माल, आणि त्यातली आतडी तर चरबीनेच भरलेली. म्हणून पहिला नियम: जाळीवर एका वेळी माणशी दोन, फार तर तीन तुकडे. निम्मी जाळी कायम मोकळी. जाळ उठला की तुकडे सरकवायला तीच जागा लागते.

वेळ आणि ठिकाण

होरुमोन म्हटलं की सगळे त्सुरुहाशीचं नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे. १९२० च्या दशकात ओसाका आणि कोरियातल्या जेजू बेटादरम्यान थेट बोट सुरू झाली आणि तिथून आलेली कोरियन माणसं पुढे त्सुरुहाशीलगतच्या इकुनो भागात स्थिरावली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्सुरुहाशी स्टेशनाभोवती काळाबाजार भरू लागला. स्वस्तात मिळणारी आतडी आणि वजडी तिखट-गोड मसाल्यात मुरवून भाजायची रीत इथूनच शहरभर गेली. आजही स्टेशनातून बाहेर पडताच भाजल्याचा वास अंगावर येतो.

पण त्सुरुहाशी उशिराचं नाही. तिथली बरीच दुकानं दहा-अकरालाच आवरायला घेतात. तिथे जायचं असेल तर संध्याकाळी सहा-सातला जावं. मध्यरात्रीनंतर बसायचं असेल तर शहराचा दक्षिणेकडचा मिनामी भाग गाठावा: नाम्बा, सेन्निचिमाए, त्यामागच्या उरा-नाम्बाच्या गल्ल्या, शिनसाइबाशीच्या पूर्वेकडचा भाग. उत्तरेला उतरला असाल तर उमेदाजवळचं दोयामा. पहाटेपर्यंत उघडी दुकानं सापडतात ती या पट्ट्यांत.

दाराशी लावलेली वेळ नीट वाचा. जपानात रात्रीची वेळ चोवीसच्या पुढे मोजायची पद्धत आहे. पाटीवर १७ ते २६ असं दिसलं तर दुकान संध्याकाळी पाचला उघडून रात्री दोनला बंद होतं. २९ म्हणजे पहाटेचे पाच. त्याहून महत्त्वाची वेळ शेवटच्या ऑर्डरची, म्हणजे ‘रासुतो ओदा’ची. ती बंद होण्याआधी अर्धा ते एक तास असते. दोनला बंद होणाऱ्या दुकानात सव्वाला शिरलात तर एकाच दमात सगळं मागवावं लागेल, मग ताटल्या एकदम येतील आणि जाळी भरायची चूक आपोआप होईल. बंद व्हायच्या किमान दोन तास आधी बसायला मिळेल असं दुकान निवडा.

वारही पाहावा. कत्तलखाने आणि मांसबाजार शनिवार-रविवारी सहसा बंद असतात. मांस टिकतं, किंबहुना थोडं मुरल्यावर सुधारतं. आतला माल मात्र दिवसागणिक उतरतो. कलेजी, दिल आणि आतडी मंगळवार ते शुक्रवार सर्वांत ताजी मिळतात. रविवारी रात्री कलेजीचा आग्रह धरू नका. दर महिन्याची २९ तारीख ‘निकू नो ही’, मांसाचा दिवस, कारण दोनाला ‘नि’ आणि नवाला ‘कू’ म्हटलं की ‘निकू’ होतं. त्या दिवशी अनेक दुकानांत सवलत असते, तशी गर्दीही.

रस्त्यात हात धरून ‘स्वस्त आहे, जागा आहे’ म्हणणाऱ्या माणसामागे जाऊ नका. असं गिऱ्हाईक ओढायला ओसाका शहराच्या नियमाने मनाई आहे, आणि आत बिलात नको ते आकडे चढतात ते बहुधा अशाच ठिकाणी. चांगल्या दुकानाला रात्री एकलाही माणूस बाहेर उभा करावा लागत नाही.

बसण्याआधी

शेगडी कोणती आहे ते पाहा. ‘शिचिरिन’ ही मातीची छोटी शेगडी, कोळशाची. तिचा ताव कोरडा आणि जोरदार, होरुमोनला सर्वांत योग्य, पण धूर तुमच्या तोंडावर. टेबलात बसवलेला रोस्टर धूर खाली किंवा बाजूला खेचून घेतो. कपडे वाचतात, पण बऱ्याचदा तो गॅसवर चालतो आणि कोळशाचा वास मिळत नाही. होरुमोनसाठी शिचिरिन घ्यावी, कपड्यांची सोय वेगळी करावी. कोट आणि पिशवीसाठी दुकानदार मोठी प्लास्टिकची पिशवी देतात. काही ठिकाणी बसायचं स्टूलच पोकळ असतं, झाकण उचलून सामान आत टाकायचं. कागदी एप्रन मागितला की मिळतो, आणि मागावाच. चरबीचा थेंब कुठे उडेल याचा नेम नसतो.

मागवणं

बसल्यावर काही ठिकाणी न मागता एक छोटी वाटी समोर येते, कोबी किंवा किमची. ओसाकात तिला ‘त्सुकिदाशी’ म्हणतात. ती फुकट नसते; माणशी साधारण ३०० ते ५०० येन बिलात लागतात. हा बसण्याचा आकारच समजा. काही दुकानं रात्री दहानंतर किंवा बारानंतर १० टक्के उशिराचा आकारही लावतात. तो मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात असतो.

ताटलीला ‘इचिनिनमाए’ म्हणजे एका माणसाचा वाटा म्हणतात, पण त्यात माल साधारण ८० ते १०० ग्रॅमच असतो. दोघांना रात्री उशिरा पाच-सहा ताटल्या पुरतात. मात्र पहिल्यांदा तीनच मागवा. होरुमोनच्या ताटलीला ५०० ते ९०० येन, हारामीला (ही नावं पुढे उलगडली आहेत) हजाराच्या पुढे, चांगल्या जिभेला त्याहून जास्त धरून चाला. पेयांसह दोघांचे ८ ते १२ हजार येन होतात. ‘नामी’ म्हणजे साधा, ‘जो’ म्हणजे वरचा, ‘तोकुजो’ म्हणजे त्याहून वरचा दर्जा. जीभ आणि मिनोसाठी ‘जो’ला जास्त पैसे मोजावेत, कारण तिथे जाडी आणि मऊपणा खरोखर बदलतो. आतड्यांना साधा दर्जा पुरतो.

रात्री उशिरा मेन्यूतलं निम्मं संपलेलं असतं. म्हणून मेन्यू चाळत बसण्याआधी विचारा: ‘शिमाचो आरिमासु का?’ म्हणजे शिमाचो आहे का? ‘उरिकिरे’ ऐकू आलं तर माल संपला. मग ‘क्यो नो ओसुसुमे वा?’ म्हणजे आज काय चांगलं आहे ते विचारा. होरुमोनच्या दुकानात हा प्रश्न औपचारिक नसतो. सकाळी काय आलं ते त्या माणसाला ठाऊक असतं आणि तो खरं सांगतो.

नावं एकदा नीट लावून घ्यावीत, म्हणजे अंदाजाने मागवायची वेळ येत नाही. गुराच्या पोटाचे चार कप्पे चार वेगळ्या नावांनी विकले जातात. पहिला मिनो: पांढरा, जाड, कडक चावा, वास जवळजवळ नाही; नवख्याने इथून सुरुवात करावी. दुसरा हाचिनोसु, म्हणजे मधमाश्यांचं पोळं, आणि दिसतोही तसाच. तिसरा सेन्माई, ‘हजार पानं’: राखाडी, पापुद्र्यांचा, तो बहुधा उकळून गार करून व्हिनेगर घातलेल्या मिसोबरोबर (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याबरोबर) देतात, भाजायला नाही. चौथ्याला ओसाकात आकासेन म्हणतात, तोक्योत तोच गियारा. त्याला आतड्यासारखी चरबी आणि वजडीसारखा चावा, दोन्ही असतं. कप्प्यांमध्ये सर्वांत चविष्ट हाच.

लहान आतडं उलटं करून चरबी आत ठेवली की मारुचो. मोठं आतडं शिमाचो. ओसाकात त्याला तेत्चानही म्हणतात, जो मोठ्या आतड्याच्या ‘तेचांग’ या कोरियन नावाचाच जपानी उच्चार आहे. हात्सु म्हणजे दिल, रेबा म्हणजे कलेजी, तान म्हणजे जीभ; ही तिन्ही नावं इंग्रजीतून घडली. मामे म्हणजे गुर्दा, त्सुरामी म्हणजे गाल. कोरिकोरी ही हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी, चावताना होणाऱ्या आवाजावरून तिचं नाव पडलं. आणि हारामी, जी चवीला अगदी मांसासारखी, ती खरं तर पोट आणि छातीमधला पडदा. जपानात तिची गणना आतल्या मालातच होते. होरुमोन हे नाव ओसाकाच्या बोलीतल्या ‘होरु मोन’, टाकून द्यायची वस्तू, यावरून आलं असं दुकानादुकानांत सांगतात. पण युद्धाआधीही अंगात ताकद आणणाऱ्या पदार्थांना हार्मोनवरून ‘होरुमोन’ म्हणायची पद्धत होती, त्यामुळे ही ऐकीव व्युत्पत्ती जरा सांभाळूनच घ्यावी.

दोघांसाठी चांगली सुरुवात: मीठ लावलेली जीभ एक, मिनो एक, हात्सु एक, सोबत किमची आणि एक मध्यम भात. मग शिमाचो आणि हारामी ताऱ्यात, म्हणजे गोडसर सोया मसाल्यात. शेवटी मारुचो मिसोत. आधी मिठाचं, मग ताऱ्याचं, शेवटी मिसोचं, हा क्रम सोडू नका. ताऱ्यातली आणि मिसोतली साखर जाळीवर जळून चिकटते. त्यावर जीभ ठेवली तर तिला जळक्या साखरेची कडू चव लागते आणि ती फाटते.

आग आणि जाळी

जाळी तापू द्या. कोळसा आल्यावर किमान दोन-तीन मिनिटं काही ठेवू नका. गार लोखंडाला मांस घट्ट धरतं. तापलेल्या जाळीवर ते पटकन शेकतं आणि सुटतं. ताटलीत पांढऱ्या चरबीचा गोळा आला असेल तर तो खाण्यासाठी नाही, जाळीवर फिरवायला आहे. मध्ये ताव जास्त, कडेला कमी. जीभ आणि हारामी मध्ये, आतडी मध्यापासून जरा बाजूला.

जीभ पातळ असेल तर एक बाजू वीस-तीस सेकंद, कडा वळल्या आणि वर पाणी सुटलं की उलटून दहा सेकंद. वर चिरलेली कांद्याची पात असेल तर उलटायची नाही. दुमडायची, म्हणजे पात आत राहते आणि निखाऱ्यात सांडत नाही. लिंबू खाताना, जाळीवर नाही. हारामी एक सेंटिमीटर जाड असेल तर पहिली बाजू दीड मिनिट, दुसरी एक. हात्सुला चरबी नसते, म्हणून दोन्ही बाजू एकेक मिनिट. जास्त ठेवलं की चामडं. मिनोला तीन-चार मिनिटं, मध्यम तावावर. त्यावर सुरीच्या बारीक चिरा असतात. त्या उघडल्या आणि कडांना सोनेरी रंग आला की झालं.

आता शिमाचो. तुकडा दोन बोटं रुंद, एका बाजूला आतड्याची भिंत, दुसऱ्या बाजूला पांढरी चरबी. भिंतीची बाजू खाली. पहिला अर्धा मिनिट काहीच होत नाहीसं वाटतं. मग भिंत आक्रसते, कडा खाली जाळीला धरतात आणि तुकडा मधून पाठ वर काढतो. वरची चरबी फुगते, दुधी रंग जाऊन तिच्यावर ओली चमक येते. थोड्याच वेळात चरचर वाढते आणि कडेने एकेक थेंब निखाऱ्यावर पडून छोटी ठिणगी उठते. इथे हात शिवशिवतो, पण अजून उलटायचं नाही. चिमट्याने कड उचलून खाली पाहा: फिकट असेल तर परत ठेवा, बदामी आणि कडेला तांबूस खरपूस असेल तर उलटा. एकूण वेळेचे आठ भाग भिंतीला, दोन भाग चरबीला. चरबीची बाजू खाली गेली की अर्धा मिनिट, फार तर पाऊण. त्यापुढे चरबी वितळून शेगडीत जाते आणि तोंडात रबरासारखी भिंत उरते. आधी चरबी खाली ठेवली तर हेच होतं, शिवाय जाळ उठतो.

मारुचो नळीसारखा, म्हणून त्याला बाजू नाही. पाच-सहा मिनिटं सतत लोळवत राहायचं, सगळीकडून फुगून रंग येईपर्यंत. चिमट्याने टोचू नका, आतली चरबी निघून जाते. जाळीवरून उचलला की अर्धा मिनिट बशीत ठेवा. आतली चरबी उकळत असते आणि लगेच चावलं तर टाळू भाजते. त्या रात्री पुढची चव जाते, म्हणून हे परत परत सांगावंसं वाटतं.

जाळ उठला तर फुंकर घालू नका, पाणी तर मुळीच ओतू नका. राख उडून सगळ्या ताटल्यांवर बसते. तुकडे मोकळ्या बाजूला सरकवा आणि जाळीवर दोन-तीन बर्फाचे खडे ठेवा. बर्फ दुकानातूनच मिळतो, ‘कोओरी ओनेगाइशिमासु’ म्हणा. रोस्टर असेल तर जास्त सावध राहा: ज्वाळा धुराच्या नळीत ओढली गेली तर आत साठलेली चरबी पेटते. जाळ आवरेना झाला की लगेच माणसाला हाक मारा, लाजू नका.

जाळी काळी पडली, तुकडे चिकटायला लागले, की ‘आमी कोकान ओनेगाइशिमासु’, जाळी बदला. मिठाकडून ताऱ्याकडे आणि ताऱ्याकडून मिसोकडे जाताना बदलून घेतली तर उत्तम. बहुतेक ठिकाणी याचे पैसे पडत नाहीत.

कच्चं आणि शिजलेलं

टेबलावर चिमटा कच्च्यासाठी, चॉपस्टिक्स खाण्यासाठी. कच्चा तुकडा चॉपस्टिक्सने कधीच उचलू नका, घाईतही नाही. पेयं पोटात गेल्यावर नेमकी हीच शिस्त सुटते. आतड्यांवर आणि कलेजीत ओ-१५७ सारखे जंतू असू शकतात आणि ते थोडेसे पोटात गेले तरी माणूस आजारी पडतो. २०११ मध्ये याकिनिकूच्या दुकानांतल्या कच्च्या बीफमुळे लोक दगावले. त्यानंतर कच्च्या बीफचे नियम कडक झाले आणि जुलै २०१२ पासून गुरांची कच्ची कलेजी विकायलाच बंदी आली. २०१५ मध्ये डुकराच्या कच्च्या मांसावर आणि कलेजीवरही आली. त्यामुळे समोर येणारी रेबा भाजण्यासाठीच असते, सोबत तिळाचं तेल आणि मीठ आलं तरी. मध्यभाग ७५ अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिला पाहिजे. व्यवहारात सांगायचं तर कापल्यावर आत लाल काही दिसू नये, तुकडा फुगून घट्ट झालेला असावा. ‘आमच्याकडे कच्ची चालते’ असं कुणी कानात सांगितलं तर बिल मागवून निघावं.

तोंड हलकं करायला किमची, पालक-मोडांचं नामुरु (तिळाच्या तेलात कालवलेली उकडलेली भाजी), किंवा सांचू या लेट्युसची पानं. पानात भाताचा घास आणि हारामी गुंडाळून खावी. पेयात थंड बिअर मिठाच्या पदार्थांबरोबर, मिसोतल्या मारुचोबरोबर मात्र लिंबाचं सावा (सोडा घातलेली हलकी दारू) किंवा गार ऊलोंग चहा बरा, कारण चरबी धुऊन निघते. दारू वीस वर्षांखालच्यांना मिळत नाही आणि ओळखपत्र मागू शकतात.

उठताना

‘ओकाइकेइ ओनेगाइशिमासु’ म्हटलं की बिल येतं. गोंगाटात दोन तर्जन्यांची फुली करून दाखवली तरी कळतं. टिप द्यायची नाही; दिली तर परत करायला मागे धावत येतील. जुन्या छोट्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही, म्हणून माणशी ७-८ हजार येन रोख ठेवा. मेन्यूतले भाव ‘झेइकोमी’ असतील तर कर धरून, ‘झेइनुकी’ असतील तर वर १० टक्के.

शहरातल्या शेवटच्या गाड्या साधारण बारा ते साडेबाराच्या दरम्यान जातात आणि पहिल्या पहाटे पाचच्या सुमारास सुटतात. मधल्या वेळेत टॅक्सी, आणि रात्री दहा ते पहाटे पाच तिचं भाडं २० टक्क्यांनी जास्त. म्हणून मुक्काम चालत जाण्याजोगा असलेलं बरं.

एवढं भाजलेलं खाऊन शेवटी काही गरम, पातळ हवंसं वाटलं तर ओसाकाची स्वतःची सोय आहे: कासु उदोन, उदोन म्हणजे गव्हाच्या जाड शेवया. लहान आतड्याचे तुकडे त्यांच्याच तेलात मंद तळत राहून चरबी काढली की कुरकुरीत ‘आबुराकासु’ उरतो, तो उदोनच्या रश्श्यात घालतात. मूळचा हा दक्षिण कावाची भागातला पदार्थ, आता मिनामीत पहाटेपर्यंत मिळतो. वाटी आली की लगेच ढवळू नका. वरचे तुकडे अर्धे कोरडे असतानाच दोन-तीन खा, मग बाकीचे रश्श्यात बुडू द्या. दहा मिनिटांत ते स्पंजासारखे मऊ होतात आणि रस्सा गोडसर होतो.